आऱ्यांतली ओल

सुयांची पेटी रेल्वे पार्सलनं आली त्या दिवशी अलीम मुन्शी सकाळपासून खुशीत होता. ती खुशी दुपारच्या नमाजापर्यंतही टिकली नाही.

जालना स्टेशनाच्या मागं, जिनिंगच्या भिंतीला लागून, काकासाहेबांची सागाची वखार होती. काकासाहेब मूळचे वडीगोद्रीचे. घरची मोठी शेती भावांच्या हवाली करून लाकडाच्या धंद्यात पडलेले. अलीम त्यांचा मुन्शी. तिशीच्या आतला, बोलायला नरम, कामाला चोख. गिऱ्हाईक आलं की काकासाहेब गादीवरून नुसती मान हलवायचे, पुढचं सगळं अलीम बघायचा.

गेल्या सालापासून मात्र वखारीच्या नावाला बट्टा लागू पाहत होता. काकासाहेबांनी मागच्या अंगाला एक खोली बांधून घेतली होती. तिच्यात भुशाची धग धरून लाकूड झटपट सुकवायचं. ज्याला पूर्वी दोन उन्हाळे लागायचे ते महिन्या-दीड महिन्यात गाडीवर चढायला लागलं. धंदा वाढला, तशी कुरकुरही वाढली. कुणाच्या चौकटीला चीर गेली, कुणाचं दार वाकलं. नुसतं ठोकून, आवाजावरून ओल ओळखणारे जुने मिस्तरीसुद्धा या खोलीतल्या लाकडापुढं चकायला लागले. तेव्हा मुंबईचा एक एजंट आला. त्याच्याकडं लाकडातली ओल मोजायची दोन यंत्रं होती. "दोन्ही पाठवतो," तो म्हणाला, "वापरून बघा. पसंत पडेल ते ठेवा, दुसरं परत करा."

पहिलं लगेच आलं. गोल, पितळी, तळहातात मावेल एवढं. लाकडावर पालथं ठेवायचं आणि थोडं थांबायचं. आत ताणलेला एक केस ओल धरून सैल पडायचा, त्यावर काटा सरकायचा आणि शंभरात किती ओल ते सांगायचा. वखारीत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणायला लागले. काकासाहेबांचं तर ते लाडकं झालं. त्याला बॅटरी नको, ठोकाठोक नको, वर दिसायला रुबाबदार. दुसरं यंत्र मनमाडला कुठंतरी अडकून पडलं होतं. ते येईपर्यंत घड्याळावरच माल पास व्हायला लागला.

आज ते दुसरं आलं. एक लाकडी पेटी, तिला लांब वायर, वायरीच्या टोकाला मुठीत बसणारा दांडा आणि दांड्याला पोलादाच्या दोन सुया. सुया लाकडात ठोकायच्या आणि पेटीवरचा खटका हळूहळू फिरवायचा. दिवा लुकलुकला की थांबायचं, खटक्याजवळचा आकडा वाचायचा.

अलीमनं खोलीतून काढून ठेवलेल्या थप्पीतली एक कडी, म्हणजे लांब चौकोनी वासा, निवडली. आधी घड्याळ ठेवलं. दहा. म्हणजे हाडासारखी सुकी. मग सुया ठोकल्या. चौदा.

"चार-दोनाचा फरक तर राहणारच, मुन्शीजी," करवतीवरचा रामकिसन म्हणाला.

अलीमला का कोण जाणे, चैन पडेना. "मधून काप," तो म्हणाला.

करवत चालली. कडीचे दोन तुकडे झाले तेव्हा रामकिसननं हात झटकला. भुसा झडला नाही, बोटांना चिकटून राहिला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अलीमनं कापलेल्या तोंडावर, अगदी गाभ्यात सुया ठोकल्या आणि खटका फिरवला. दिवा थांबला तो सव्वीसावर.

त्यानं दुसरी कडी कापायला लावली. मग तिसरी. वरून पापड आणि आतून भिजलेली डाळ. खोलीच्या धगीनं वरचं कातडं इतक्या घाईनं सुकवलं होतं की आतल्या ओलीला बाहेर यायला वाटच राहिली नव्हती.

"मुन्शीजी," रामकिसनचा आवाज खाली गेला, "ही थप्पी तर कचरूमिस्तरीच्या आऱ्यांची."

अलीमच्या हातातला दांडा तसाच राहिला.

कचरूमिस्तरीला जालन्यात कोण ओळखत नव्हतं? त्याचा रहाटपाळणा साऱ्या मुलखातल्या जत्रांमधून फिरायचा. चार पाळणे, मध्ये गाडीच्या चाकाला असतो तसा जाडजूड तुंबा, दोन्ही अंगांना चार-चार आरे, आणि हातानं ढकलून फिरवायचा. जुने आरे झिजले म्हणून पाडव्याच्या आधी तो याच थप्पीतून आठ कड्या घेऊन गेला होता. अलीमनं स्वतः एकेका कडीवर घड्याळ ठेवलं होतं. कचरूनंही हातोडीनं ठोकून, लाकडाला कान लावून बघितलं होतं आणि मान डोलावली होती. तरी जाता जाता त्यानं विचारलं होतं, "मुन्शी, लेकरंबाळं बसत्यात बरं का माझ्या पाळण्यात." आणि अलीम म्हणाला होता, "बराबर सुकलंय, मिस्तरी. बिनघोर न्या."

आऱ्याचं टोक तासून तुंब्याच्या भोकात घट्ट ठोकलेलं असतं. टोक तासलं म्हणजे वरचं सुकं कातडं गेलं, आतलं ओलं लाकूड उघडं पडलं. चैत्राच्या उन्हात, कोरड्या वाऱ्यात ते आकसणार. भोक तेवढंच राहणार. मग टोक भोकात खुळखुळायला लागणार, आणि माणसं बसलेला पाळणा वर असेल, नाहीतर खाली. ते कुणी सांगावं?

अलीम तडक गादीकडं गेला. काकासाहेबांनी ऐकून घेतलं आणि पान लावता लावता म्हणाले, "पेटी आदळली असंल गाडीत. मनमाडला महिनाभर कुठं पडून होती कुणाला ठावं? नवीन यंत्र नवे आकडे दाखवतं. घड्याळ तर आजवर बिघडलं न्हाई."

"मालक, भुसा हाताला चिकटून राह्यला."

"रामकिसनच्या हाताला घाम असंल."

बोलण्यात तथ्य नव्हतं असंही नाही. पेटी खरोखरच आदळलेली असू शकत होती. दोन यंत्रं दोन तोंडांनी बोलत होती आणि कोणाचं खरं हे तिसऱ्याच कुणीतरी सांगायला हवं होतं. अलीमनं कापलेल्या कडीच्या गाभ्यातल्या चार-पाच चकत्या मेणकापडात घट्ट गुंडाळल्या आणि घर गाठलं.

त्याची बायको अजीजुन्निसा अत्तरवाल्याची लेक. बापाच्या दुकानात तोळ्या-माशाच्या काट्यावर तिचा हात लहानपणीच बसला होता आणि तो काटा आंदणात तिच्याबरोबर आला होता. तिनं चकत्या तोलल्या. मग तिच्या भावाच्या बेकरीत, पाव काढून झालेल्या भट्टीत, त्या तव्यावर मांडून ठेवल्या. थोड्या वेळानं बाहेर काढून तोलल्या, परत आत. लाकडातलं पाणी उडत होतं तसं वजन घटत होतं. घटणं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं होतं. भट्टीच्या तोंडाशी बसून अजीजुन्निसाचा चेहरा लाल झाला होता आणि अलीम दारात येरझाऱ्या घालत होता.

"कम हुआ क्या?"

"हौ. और कम हुआ." तिनं काट्यावरून डोळे न हलवता सांगितलं. आणखी दोनदा भट्टीत घातल्यावर काटा जागचा हलेनासा झाला. तिनं एका पारड्यात सुकलेल्या चकत्या ठेवल्या, दुसऱ्यात सुरुवातीची वजनं, आणि एकेक वजन उचलत गेली. "पाचवा हिस्सा उड गया जी. पूरा पाचवा हिस्सा. पानीच था."

अलीमनं मनातल्या मनात गणित केलं. सुक्या लाकडाच्या हिशेबानं बघितलं तर पाव हिस्सा, शंभराला पंचवीस, म्हणजे सव्वीसाच्या अगदी जवळ. पेटी खरं बोलत होती.

"वो पाळणा कहाँ है अब?" अजीजुन्निसानं विचारलं.

"वाटूरच्या जत्रेत."

उठून तिनं भट्टीचं झाकण लावलं.

दिवेलागणीला अलीम काकासाहेबांच्या घरी गेला तेव्हा ते ओसरीवर एकटेच होते. सगळं ऐकल्यावर या खेपेला त्यांनी पेटीला दोष दिला नाही. पानाचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "अलीम, जत्रा परवा उठंल. कचरू इकडं आला की गुपचूप आरे बदलून देऊ. वरून मजुरी बी देऊ. त्याला बी कळू द्यायचं न्हाई, गावाला बी न्हाई."

"आणि परवापर्यंत काय झालं तर?"

"इतके दिवस झालं का?"

"आकसायला दिवस लागत्यात, मालक. ते दिवस आता भरून राह्यलेत."

"अरे, भर जत्रेत जाऊन बोंब ठोकशील, तर उद्यापासून ह्या वखारीचं फळकूट कोण घेईल? आजवर घड्याळावर किती माल गेला, काही हिसाब हाये का? एका पाळण्यासाठी सगळ्यांच्या दारांना आग लावतो का?" काकासाहेबांचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "मी काय सैतान न्हाई. मला बी लेकरं हायेत. पण दोन दिवसांचा सवाल हाये. तू वाटूरला जायचं न्हाई. हे माझं सांगणं समज, न्हाई तर हुकूम समज."

अलीमनं सलाम केला आणि निघाला. रस्ताभर त्याच्या कानात स्वतःचाच आवाज होता, बिनघोर न्या, बिनघोर न्या. काकासाहेबांचं मीठ त्यानं खाल्लं होतं. त्याच्या बापाच्या आजारपणात त्यांनीच वैद्यापासून डॉक्टरापर्यंत सगळं बघितलं होतं. त्या माणसाचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता.

सकाळी वाटूरवरून मंठ्याकडं जाणारी पहिली सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा अलीम मागच्या बाकावर बसलेला होता. एका मांडीवर सुयांची पेटी होती, खिशात घड्याळ. दोन्ही यंत्रं वखारीची होती आणि न विचारता उचलून आणली होती.

मोटार वाटेत दोनदा तापली. दुसऱ्या वेळी ड्रायव्हर पाणी आणायला ओढ्याकडं गेला तो परत येईना. उतारू झाडाखाली पडले, कुणी तंबाखू मळायला लागलं. अलीम सडकेवर उभा राहून समोरच्या उन्हाकडं बघत राहिला. वारा असा कोरडा होता की ओठ फुटत होते. हाच वारा तिकडंही वाहत असणार. पायी निघावं का, हा विचार त्यानं दोनदा केला आणि दोनदा सोडला.

वाटूरला उतरला तेव्हा दुपार कलायला लागली होती. महादेवाच्या देवळापुढच्या माळावर जत्रा पसरली होती. रेवड्या, बांगड्या, भेंडाच्या माळा, धुळीचा लोट, आणि त्या सगळ्याच्या वर, आभाळात चढणारा आणि उतरणारा पाळणा. भरलेला. वरच्या पाळण्यातून बाया ओरडत होत्या, हसत होत्या. अलीम धावत सुटला. पेटी मांडीवर आदळत होती. जवळ गेल्यावर त्याला दुसरा आवाज ऐकू आला. एकेक आरा खाली येताना 'कट्' असा हलका आवाज. दरवेळी.

"मिस्तरी, थांबवा! पाळणा थांबवा!"

कचरूनं त्याला बघितलं आणि हसून हात वर केला. दोन गड्यांनी पाळणा धरला. "मुन्शी? जालन्याहून थेट जत्रेला? बसा, तुमाला फुकट."

"माणसं उतरवा, मिस्तरी. आरे ओले हायेत."

कचरूचं हसू जागच्या जागी थिजलं. धोतराला हात पुसत तो जवळ आला. दिसायला आडदांड, कानाला भिकबाळी, घामानं चमकणारं कपाळ. "काय बोलून राह्यला मुन्शी? लोक ऐकत्यात. तूच दिले न्हाईस का आरे? तुझंच घड्याळ लावलं न्हाई का?"

"लावलं. ते चुकलं. मी चुकलो."

"कुठं हाये ते घड्याळ?"

अलीमनं खिशातून काढलं. कचरूनं ते त्याच्या हातून जवळजवळ हिसकावलं आणि खालच्या आऱ्यावर धरलं. आजूबाजूला माणसं जमली. वरच्या पाळण्यातून एक म्हातारी ओरडली, "अरं फिरवता का आम्हाला हितंच वाळत घालता?" लोक हसले. काटा सरकला आणि नऊच्या पुढं जाऊन थांबला.

"बघ," कचरू म्हणाला. "सुकं. तुझंच यंत्र सांगतंय."

अलीमनं पेटी खाली ठेवली. कचरूनं अडवायच्या आत त्याच आऱ्याच्या टोकाजवळ, तुंब्यालगत, जिथं लाकूड तासलेलं होतं तिथं त्यानं सुया ठोकल्या. खटका फिरवला. दिवा लुकलुकला. "एकवीस," तो म्हणाला. "आठवडाभर उन्हात राहून बी एकवीस."

"दोन साक्षीदार, दोन जबान्या!" कचरूचा आवाज चढला. "मी कोणाची धरू? पाडव्याआधी तू ह्या घड्याळाची आण घेतली. आज ही पेटी घेऊन आला. उद्या तिसरं काही आणशील. भर जत्रेत माझ्या पोटावर पाय देतो का?"

"घड्याळ नुसतं कातडं बघतं, मिस्तरी. पेटी मांस बघती. भट्टीत लाकूड भाजून, तोलून बघितलं मी. पेटीचंच खरं हाये."

"आणि माझा कान? तीस वर्षं लाकूड ठोकून राह्यलो मी!"

"तुमचा कान बी फसला. त्या खोलीतलं लाकूड सगळ्यांनाच फसवतं."

कचरूनं मूठ वळली. त्या क्षणी तो अलीमला मारणार असंच सगळ्यांना वाटलं. पण तेवढ्यात त्याची बायको साळूबाई पुढं आली. ती पाळण्याच्या तोंडाशी बसून पैसे घ्यायची. कमरेची पिशवी घट्ट धरून ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि अलीमकडं न बघता नवऱ्याला म्हणाली, "धनी, काल तुमी दोनदा पाचरी ठोकल्या. आज सकाळी ठोकल्या, जेवायच्या आधी परत ठोकल्या. आजवर जत्रेत एकदा ठोकली की संपंपर्यंत हात लावावा लागत न्हवता."

"गप."

"गप कशी बसू? खरं सांगा. ढिले होऊन राह्यलेत का न्हाई?"

कचरूनं वर बघितलं. पाळण्यातली माणसं आता हसत नव्हती. खालची गर्दीही गप्प झाली होती. फक्त लांबून बांगडीवालीचा आवाज येत होता. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला.

"होऊन राह्यलेत," तो अखेर म्हणाला, आणि गड्यांकडं वळला. "कोणी हलू नका. पाळणा धरून ठेवा. आता उतरवायचं."

उतरवणं हीच खरी कसोटी होती. पाळण्याचा तोल समोरासमोर सांभाळला जातो. खालचा रिकामा केला की वरचा जड होतो, आणि सोडला तर स्वतःच्या वजनानं धाडकन खाली येतो. कचरूनं जमलेल्यांतून चार दणकट शेतकरी पुढं ओढले, दोन्ही अंगांना उभे केले. खालच्या पाळण्यातली माणसं उतरली. मग वरचा पाळणा हातोहात, इंच-इंच करत खाली आणला. कट्, कट्. तोही रिकामा झाला. एका बाईनं उतरताच जमीन चाचपली आणि तिथंच बसली.

राहिले दोन. चक्र पाव फेरा फिरवून त्यातला एक खाली आणला आणि तो मोकळा केला. आता सगळं ओझं शेंड्याला होतं. शेवटच्या पाळण्यात ती ओरडणारी म्हातारी, झुंबरबाई, आणि तिची सून.

"थांबा," साळूबाई म्हणाली. "आधी नाडा बांधा."

कचरू खांबावरून वर चढला. मोटेचा जाड नाडा त्यानं एका बाजूच्या आऱ्याला आणि तुंब्याला आवळून बांधला. दुसऱ्या बाजूला पुरेल एवढा तो उरला नाही. दुसरा आणायला माणूस पळाला, पण वाऱ्याचा एक झोत आला आणि अख्खं चक्र कुरकुरलं. वर सून रडायला लागली.

"रडू नगं," वरून झुंबरबाईचा आवाज आला. "डोळे मीट आन् महादेवाचं नाव घे. अरं खालच्या बाबांनो, काय करायचं ते जल्दी करा, म्या काय जन्मभर हितं बसणार न्हाई."

"उतरवतो, आजी," कचरू म्हणाला. त्यानं खाली उडी मारली. "हळू. माझ्या बोलण्यावर. हां… हां… धरा… हां…"

पाळणा शेंड्यावरून कलला. आडवा आला. बांधलेल्या बाजूचा नाडा ताठ झाला. दुसऱ्या बाजूला अलीमचे डोळे तुंब्यावर खिळले होते. म्हणून पहिल्यांदा त्यानंच बघितलं. आऱ्याचं टोक भोकातून बाहेर येत होतं. अंगठाभर. मग मूठभर. तासलेलं लाकूड भोकाबाहेर पांढरं दिसायला लागलं.

"सुटतोय! मिस्तरी, हिकडचा सुटतोय!"

कचरू धावला तो पाळण्याच्या खालीच शिरला आणि त्यानं खांदा लावला. अलीमनं आऱ्याला मिठी मारली. तोही ओढला गेला, पाय मातीत घासत गेले. पाळणा एका कडेनं कलला, सून किंचाळली, आणि झुंबरबाईनं एका हातानं लोखंडी कडी आणि दुसऱ्या हातानं सुनेचा अंबाडा धरला. तिला तो सोडायचा नव्हता. साळूबाई, दोन बाया आणि एक फुटाणेवाला, जो जवळ होता तो कचरूच्या बाजूला जाऊन पाळण्याखाली खांदा देत होता. पाळणा छातीएवढ्या उंचीवर येऊन थांबला. कुणीतरी सुनेला ओढून घेतलं. मग म्हातारीला.

"मोकळा झाला! हटा, हटा!"

सगळे हटले. कचरूच मागं राहिला, कारण ओझं अंगावर होतं. अलीमच्या मिठीतून आरा निसटला, तुंब्यातून पुरता बाहेर आला आणि खाली येता येता कचरूच्या खांद्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज अलीमला स्पष्ट ऐकू आला.

पुढचा गोंधळ बराच वेळ चालला. पोलीस पाटील आला, त्यानं सगळ्यांना दटावलं. काही जण पाळणा पेटवून द्या म्हणत होते. झुंबरबाईनं त्यांना अशा शिव्या घातल्या की ते मागं सरकले. "त्यानं खांद्यावर घेतलं मला," ती म्हणत होती, "तुमी काय घेतलं? धूळ?"

परतूरहून डॉक्टर येईपर्यंत कचरू देवळाच्या ओट्यावर पडून होता. साळूबाई त्याच्या डोक्याशी, अलीम पायाशी. कचरूनं त्याच्याकडं एकदाही बघितलं नाही. हाड बांधून झाल्यावर, वेदनेनं ओठ पांढरे पडलेले असताना त्यानं छताकडं बघत विचारलं, "तुझ्या मालकानं पाठवलं का तुला?"

अलीमला खोटं बोलता आलं असतं. त्यानं मान हलवली. "न्हाई. नको जाऊ म्हणाले."

कचरूनं डोळे मिटून घेतले. साळूबाईनं पदरात बांधलेली भाकरी सोडली, अर्धी मोडली आणि अलीमच्या हातावर ठेवली. त्यानं कालपासून काही खाल्लं नव्हतं, तरी ती त्यानं हातातच धरून ठेवली.

जालन्यात बातमी त्याच्याआधी पोचली होती. काकासाहेबांनी त्याला गादीसमोर उभं केलं. पेटी आणि घड्याळ दोन्ही मध्ये ठेवलेली होती. ते काय बोलले आणि अलीमनं काय उत्तर दिलं, ते वखारीतल्या गड्यांना आतून फारसं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की काकासाहेब मध्येच उठून मागच्या खोलीकडं गेले, दारात उभे राहून आत बघत राहिले आणि परत आले. "किती माल गेलाय ह्या खोलीतून?" त्यांनी विचारलं. पुढचे कितीतरी दिवस अलीम आणि रामकिसन बैलगाडीतून गिऱ्हाइकांच्या घरी जात राहिले. बदनापूर, अंबड, जाफराबादपर्यंत गेले. सुया ठोकायच्या, जिथं ओल निघेल तिथं लाकूड बदलून द्यायचं. काही ठिकाणी लोकांनी चहा दिला, काही ठिकाणी कुत्री सोडली. वखारीला त्या वर्षी मोठी खोट आली. काकासाहेब अलीमशी कितीतरी महिने कामाशिवाय बोलले नाहीत, पण त्याला काढलंही नाही. घड्याळ मुंबईला परत गेलं.

कचरूचा खांदा जुळला, मात्र तिरका जुळला. हात डोक्याच्या वर जाईनासा झाला. पाळणा ढकलायला त्यानं गडी वाढवले. नवे आरे घ्यायला तो वखारीत आला तेव्हा प्रत्येक कडी त्यानं मधून कापायला लावली, प्रत्येक तोंडावर सुया ठोकायला लावल्या, आणि आकडा स्वतः वाचला. तासाभराच्या कामाला अख्खा दिवस गेला. कुणी घाई केली नाही.

पुढच्या वर्षी जाफराबादच्या जत्रेत अलीम अजीजुन्निसाला घेऊन गेला. पाळणा उभा होता. साळूबाईनं त्यांना बघितलं आणि पैसे न घेता हात हलवून बोलावलं. अजीजुन्निसा बुरखा सावरत चटकन चढून बसली. अलीम पुढं झाला, पाऊल उचललं, आणि ते पाऊल पाळण्यात पडेचना.

"चलो ना," ती म्हणाली.

"तू बस. मी हितूनच बघतो."

पाळणा निघाला. वर गेला, खाली आला. तिनं बुरख्याचा पडदा मागं टाकला होता आणि ती हसत होती. अलीम खाली उभा होता. सगळे फेरे होईपर्यंत त्यानं तिच्याकडं एकदाही बघितलं नाही. तो तुंब्याकडं बघत होता, आणि शेजारी उभा असलेला कचरूही.